तीन सातांचे औदार्य

समाजातली उदारता आटत चालली आहे अशी तक्रार करणाऱ्यांनी एकदा मध्यरात्रीनंतर एखाद्या सर्व्हरसमोर बसलेल्या माणसाच्या मागे जाऊन उभे राहावे. दिवसा शेजाऱ्याला वाटीभर साखर द्यायला मागेपुढे पाहणारा हा गृहस्थ रात्री दीड वाजता, कोणी मागितलेले नसताना, हजारो माणसांच्या खात्यांची, कर्जांची, पत्त्यांची आणि वारसांच्या नावांची दारे सताड उघडी टाकतो. त्यासाठी तो सभा बोलावत नाही, ठराव मांडत नाही, कोनशिलेवर नाव कोरा म्हणत नाही. एक ओळ टाइप करतो, एंटर दाबतो आणि चहा प्यायला जातो. त्या ओळीत तीन आकडे असतात: ७७७.

जाणकारांना एव्हाना कळले असेल. इतरांसाठी जरा सविस्तर सांगतो, कारण हा विषय आता संगणकवाल्यांपुरता राहिलेला नाही. तुमचेही नाव कुठल्या ना कुठल्या डेटाबेसात आहे. त्याच्या उंबऱ्यावर काय चालते हे नागरिक म्हणून तुम्हाला ठाऊक असलेले बरे.

अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही संगणकप्रणाली घडवली. तिच्या पहिल्या आवृत्तीची पुस्तिका नोव्हेंबर १९७१ ची आहे आणि ‘चमॉड’ ही परवानग्या बदलण्याची आज्ञा त्या पुस्तिकेपासून आहे. आज बहुतेक सर्व्हर ज्यावर चालतात ते लिनक्स याच वळणाचे. फाइलीकडे पाहणारे सगळे जग ही प्रणाली तीन वर्तुळांत बसवते: मालक, मालकाचा गट आणि इतर. वाचायला ४, लिहायला २, चालवायला किंवा फोल्डर असेल तर आत पाऊल टाकायला १. तिन्ही मिळून ७. जुन्या वाड्यात ओसरीवर कोणी बसायचे, माजघरात कोणी यायचे आणि देवघरात कोणी, हे न लिहिता ठरलेले असे, तसेच हे आहे. फक्त इथे लिहून ठेवलेले आहे. ७५० म्हणजे मालकाला सगळे, घरच्यांना पाहण्या-वावरण्यापुरते, परक्याला काही नाही. डेटाबेसच्या फोल्डराला ७०० किंवा ७५० असावे असा रिवाज आहे. ७७७ म्हणजे रस्त्याने जाणाऱ्याने आत यावे, देवांची जागा बदलावी, वाटल्यास एखादा देव पिशवीत घालून न्यावा. तो त्याच्या अधिकारातच वागला असे यंत्र मानेल. हे मी अलंकारिक बोलत नाही. फोल्डरात लिहिण्याची परवानगी म्हणजे त्यातल्या फाइली पुसण्याचीही परवानगी, मग ती फाइल कोणाचीही असो.

टीकाकार इथे लगेच घाबरवतात, म्हणून एक खुलासा. ‘इतर’ म्हणजे अख्खी दुनिया नव्हे; त्या यंत्रावर वावरणारा प्रत्येक जण, एवढेच. म्हणजे तिथेच चालणारी वेबसाइट, दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या शिकाऊ मुलाचे अजून न मिटवलेले खाते, कोणी बसवला ते कोणालाच आठवत नाही असा फोटो-गॅलरीचा प्लगइन, आणि त्या प्लगइनच्या भोकातून आत आलेला एखादा दूरदेशीचा पाहुणा. मर्यादित वर्तुळ आहे.

हे औदार्य नेमके कधी जागे होते? प्रसंग बहुधा एकच असतो. डिस्क भरत आलेली असते. नवी डिस्क येते. डेटाबेसचे बिऱ्हाड जुन्या जागेवरून नव्या जागी हलवायचे असते. सामान पोचते, पत्ता बदलला जातो, सर्व्हर सुरू करायला जावे तर पडद्यावर ‘परमिशन डिनाइड’ येते, सोबत एरर क्रमांक १३. तेरा हा आकडा अशुभ मानायची पाश्चात्त्यांची पद्धत आपण उचलली नव्हती. या निमित्ताने तीही कसर भरून निघाली.

या क्षणी दोन मार्ग असतात. पहिला कर्मठांचा. ते म्हणतात, आधी लॉग वाचा. कोण अडला आणि कुठे अडला ते पाहा. डेटाबेस कोणत्या नावाने चालतो ते पाहा, फाइली कोणाच्या मालकीच्या आहेत ते पाहा. मुळापासून त्या फोल्डरापर्यंतच्या वाटेतले प्रत्येक दार तपासा, कारण आतली खोली उघडी असून उपयोग नाही, दिंडीदरवाजातूनच आत जाता यायला हवे. मग मालकी नीट करा, हवी तेवढीच परवानगी द्या. या पंथाला जुने शास्त्रही आहे: जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ च्या एका निबंधात मांडले की ज्याला ज्या कामासाठी जेवढा अधिकार लागतो तेवढाच त्याला द्यावा. किती हा कंजूषपणा! पन्नास वर्षे लोक हा निबंध पुढे सरकवत आहेत, आणि कोणी विचारत नाही की याने अडलेल्या माणसाला रात्री दीड वाजता काय दिलासा मिळाला. कर्मठांच्या मार्गाला वीस मिनिटे लागतात. शिवाय वाचावे लागते.

दुसरा मार्ग पाच सेकंदांचा आहे आणि त्यात काही समजून घ्यावे लागत नाही. लोकशाहीत हा गुण लहान नाही. मालक कोण, गट कोणता, डेटाबेस कोणत्या नावाने चालतो, हे प्रश्न ज्याला पडतात त्याला आधी ते ठाऊक हवेत. तीन सात मात्र सर्वांना सारखेच उपलब्ध आहेत. कालचा शिकाऊ आणि पंधरा वर्षांचा अनुभवी यांच्यातली दरी बुजवणारी दुसरी आज्ञा माझ्या माहितीत नाही.

मी स्वतः हे औदार्य जवळून पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या एका गावी एका पतसंस्थेचे काम आमच्याकडे होते. डिस्क भरत आलेली, डेटाबेस मायएसक्यूएल, आणि सकाळी साडेदहाला काउंटर उघडायचे. आमच्या गटातल्या ज्या सहकाऱ्याने ते काम अंगावर घेतले त्याला सगळे दादा म्हणत, मीही तेच म्हणतो. दादाने सामान नव्या डिस्कवर नेले, सेटिंगच्या फाइलीत नवा पत्ता लिहिला, सर्व्हर सुरू केला. एरर तेरा.

“दादा, सकाळपर्यंत होईल ना?” मॅनेजरसाहेबांनी विचारले.

“होऊन जाईल, साहेब. परमिशनचंच आहे.”

त्या ‘परमिशनचंच’ मधला ‘च’ मला अजून आठवतो. मोठा आजार नाही, वाराच आहे, असे सांगणाऱ्या डॉक्टरच्या आवाजातला तो ‘च’ होता. दादाने नव्या फोल्डराला ७७७ दिले. चालले नाही. वरच्या फोल्डराला दिले. नाही. मग त्याने जे-जे दिसले त्याला, आतल्या सगळ्या पिल्लावळीसकट, सात-सात-सात दिले. त्यात सेटिंगच्या फाइलींचे फोल्डरही आले. आणि सर्व्हर सुरू झाला. सव्वादोन वाजले होते. मॅनेजरसाहेबांनी दादाच्या पाठीवर थाप मारली. शिपाई स्टँडवरून चहा घेऊन आला. सभासदांची शिल्लक पडद्यावर बरोबर दिसत होती, पै न पै.

सगळे सुरू झाले होते, कारण काहीच बदलले नव्हते.

हे उलगडायला नऊ दिवस लागले. मायएसक्यूएलची एक जुनी खोड आहे: सेटिंगची फाइल कोणालाही लिहिता येईल अशी उघडी असली, तर तो ती फाइल वाचतच नाही. एका ओळीची सूचना देतो, ही फाइल सर्वांना लिहिण्याजोगी आहे म्हणून दुर्लक्षित केली, आणि पुढे जातो. नवा पत्ता त्याच फाइलीत होता. पत्ताच मिळाला नाही तेव्हा सर्व्हर आपल्या जन्मजात पत्त्यावर, जुन्या डिस्कवर गेला. तिथे जुने सामान जसेच्या तसे होते, कारण खात्री होईपर्यंत मूळ प्रत पुसायची नाही ही शिस्त दादाने पाळली होती. त्या रात्री पाळलेली ती एकुलती एक शिस्त, आणि तीच अंगाशी आली. नऊ दिवस पतसंस्था जुन्या, भरत आलेल्या डिस्कवर आनंदाने चालली. दहाव्या दिवशी ती काठोकाठ भरली आणि भर बाजाराच्या दिवशी काउंटर थांबले.

नव्या डिस्कवर मी पाहिले तेव्हा त्या रात्रीपर्यंतचे झाडून सगळे सभासद तिथे निवांत पहुडले होते, तीन सात अंगावर पांघरून. नऊ दिवस ते कोणाच्याही वापरात नव्हते आणि सर्वांना उघडे होते.

मग मुळात अडले कशावर? दोन गोष्टींवर. दादाने सामान रूटच्या, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी खात्याच्या, नावाने हलवले, म्हणून नव्या फाइलींचा मालक रूट झाला आणि डेटाबेस आपल्याच घरात परका. ही अडचण ७७७ ने सुटते, एवढे श्रेय त्याला दिले पाहिजे. (कॉपी करताना मालकी जपायला सांगणारे एक अक्षर असते. ते दादाला ठाऊक होते. रात्र होती.) दुसरी अडचण ॲपआर्मरची. उबुंटू या लिनक्सच्या अवतारात हा दारवान डेटाबेसला कोणत्या वाटांनी जाता येईल याची यादी खिशात ठेवतो. यादीत नव्या डिस्कचे नाव नव्हते. तुम्ही दार सताड उघडा, चौकट काढून ठेवा, भिंत पाडा, दारवान आपला यादी पाहूनच बोलणार. ७७७ शी त्याचे देणेघेणे नाही. यादीत दोन ओळी वाढवल्या असत्या तर काम झाले असते, आणि हे कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये लख्ख लिहिले होते: कोणता प्रोग्राम, कोणती फाइल, काय करू पाहत होता, कोणी अडवले. पोलीस पंचनाम्यातही इतके स्पष्ट लिहीत नाहीत. पण लॉग उघडून वाचणे म्हणजे यंत्रावर अविश्वास दाखवणे, आणि दादा मनाने सरळ होता.

दहाव्या दिवशी आम्ही यादी दुरुस्त केली आणि सेटिंगच्या फाइलीचे ७७७ काढले. पण बाकीचे ७७७ काढले का? नाही. “आता चालतंय ना, मग हात लावू नका,” असे मॅनेजरसाहेब म्हणाले, आणि या वाक्यापुढे आपल्याकडे भल्याभल्या शास्त्रांनी हात टेकले आहेत. मुलाला ताप आला म्हणून तीन देवांना नवस बोलले, ताप गोळीने उतरला, तरी नारळ तिघांनाही द्यावा लागतो. कोणामुळे उतरला हे कोणी खात्रीने सांगावे? ज्या औषधाने गुण आला नाही तेही असेच निष्ठेने पुढे चालू राहते.

या औदार्याला विरोध करणारी काही यंत्रे आहेत, त्यांची दखल घेणे संपादकीय कर्तव्य समजतो. त्यांत पहिला मान पोस्टग्रेस या डेटाबेसचा. ही सोवळ्यातली आजी आहे. तिच्या डेटाच्या फोल्डराला गटाचा किंवा परक्याचा जादा हात लागला आहे असे दिसले की ती चुलीपाशीच जात नाही. सर्व्हर सुरू होत नाही. लॉगमध्ये ती कारण सांगते आणि वर, परवानगी काय असायला हवी तो आकडाही सांगते: ०७००, नाहीतर ०७५०. हा दुसरा पर्यायसुद्धा तिने २०१८ साली, अकराव्या आवृत्तीत मान्य केला, तोवर घरच्या माणसांनाही डोकावू देत नव्हती. तिच्यासमोर ७७७ करणे म्हणजे पंगत बसवण्यासाठी सोवळे मोडणे. पंगत तर बसत नाहीच, आजी मात्र दिवसभर उपाशी. रूटच्या नावाने चालायलाही ती साफ नकार देते. पासवर्ड लिहून ठेवलेली चिठ्ठी इतरांना वाचता येत असेल तर ती चिठ्ठीच मानत नाही. एवढा हट्ट? एका प्रोग्रामने आपल्या वापरकर्त्यापेक्षा जास्त विवेक बाळगावा हे औचित्याला धरून आहे का, याचा विचार तिच्या निर्मात्यांनी करावा.

डॉकरवाल्यांकडे, म्हणजे प्रोग्राम बंद डब्यात घालून चालवणाऱ्यांकडे, हेच प्रकरण वेगळ्या चालीने येते. पोस्टग्रेसच्या डेबियनवर आधारलेल्या प्रतिमेत ‘पोस्टग्रेस’ नावाचा गृहस्थ क्रमांक ९९९ चा असतो, अल्पाइनच्या प्रतिमेत तोच ७० क्रमांकाचा. बाहेरच्या यंत्रावर फोल्डर बनवणारे तुम्ही बहुधा क्रमांक १०००. कर्नल नावे ओळखत नाही, क्रमांक ओळखतो. रेशन दुकानदाराला तुमचे आडनाव ठाऊक असले तरी तो कार्डावरचा आकडाच पाहतो, तसे. मग आतला पोस्टग्रेस बाहेरच्या फोल्डरावर हक्क सांगायला येतो आणि तेरा नंबर मिळवतो. क्रमांक जुळवला की प्रश्न मिटतो. पण क्रमांक जुळवायला आधी तो विचारावा लागतो, आणि आपल्यात पाहुण्याला असे प्रश्न विचारत नाहीत.

मोंगोडीबीचे भक्त अधिक थेट. सेवा म्हणून सुरू होत नाही ना, मग सुडो, म्हणजे रूटचा उसना अधिकार, लावून हाताने एकदा चालवून पाहा. चालते! त्या एका चालण्यात काही फाइली रूटच्या नावावर होतात, आणि दुसऱ्या दिवसापासून डेटाबेस स्वतःच्या नावाने कधीच सुरू होत नाही, कारण त्या फाइलींना आता हात लावता येत नाही. मग ७७७. एका औदार्याने केलेली गाठ दुसऱ्या औदार्याने सोडवणे ही साधना आहे. उघडेपणाच्या या परंपरेचा मोठा मेळावा जानेवारी २०१७ मध्ये भरला होता: पासवर्ड न लावता इंटरनेटवर मोकळे सोडलेले हजारो मोंगो डेटाबेस अनोळखी लोकांनी रिकामे केले आणि तिथे बिटकॉइनची मागणी करणाऱ्या चिठ्ठ्या ठेवल्या. तिथे प्रश्न फाइलींच्या परवानग्यांचा नव्हता, बिनकुलपाच्या नेटवर्कचा होता. पण घराणे एकच. त्याच वर्षी आलेल्या ३.६ या आवृत्तीपासून मोंगो मूळ अवस्थेत फक्त स्वतःच्या यंत्राशीच बोलू लागला. माणसे दुखावली की अबोल होतात.

एसई-लिनक्सचा उल्लेख टाळता येणार नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २००० साली ही पहारेकऱ्याची यंत्रणा सर्वांसाठी खुली केली. हेरसंस्थेने बनवलेले कुलूप चोवीस तास चालू ठेवणारे लोक कमी, ते बंद करण्याची आज्ञा तोंडपाठ असणारे लोक अगणित. नव्या डिस्कवरच्या फोल्डराला योग्य लेबल लावणे दोन ओळींचे काम आहे. त्याऐवजी पहारेकऱ्याला ‘पर्मिसिव्ह’ अवस्थेत टाकतात. या अवस्थेत पहारेकरी जागा असतो, येणारा-जाणारा पाहतो, नियमभंग झाला की वहीत नोंद करतो आणि कोणालाही अडवत नाही. ही व्यवस्था मराठी वाचकाला परकी वाटू नये. पूल, इमारती आणि वाळूचे ट्रक यांच्या बाबतीत ती आपण दीर्घकाळ यशस्वीपणे राबवत आलो आहोत.

दानाचा परमोच्च प्रकार मात्र वेगळाच. काही महाभाग एका फोल्डरावर थांबत नाहीत. मुळाशी जातात आणि अख्ख्या यंत्राला, वरपासून खालपर्यंत, ७७७ देतात. बळीराजाने तीन पावले जमीन दिली, हे तीन सात देतात. फळही तेच मिळते. सुडो नावाची जी आज्ञा वापरून हे दान केले, तिच्या अंगावर एक खास खूण असते. सामान्य माणसाला काही क्षण रूटचा अधिकार देणारी ती खूण डेनिस रिची यांची, तिच्यासाठी त्यांना १९७९ साली अमेरिकेत पेटंट मिळाले. ७७७ चा पोछा फिरला की ही खूण पुसली जाते. सुडो पुढच्या वेळी सांगतो, माझी खूण नाही, मी चालत नाही. दूरस्थ प्रवेशाचा एसएसएच आपल्या खाजगी किल्लीकडे पाहतो आणि म्हणतो, ही किल्ली सगळ्यांच्या हातची झाली, मी वापरणार नाही. ज्याने सर्वांना सगळे दिले तो स्वतः पायरीखाली गेला. आता यंत्रावर प्रत्येक जण काहीही करू शकतो, फक्त झालेले निस्तरू शकत नाही.

कायद्याचा धाक घालणारेही आहेत. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा दाखवतात. डेटा जपण्याची वाजवी काळजी घेतली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे म्हणतात. ‘वाजवी’ या शब्दावर माझा विश्वास आहे. तो कुठल्याही मापात बसतो. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये निर्देश काढले, त्यांत घुसखोरी लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचे आहे. इथे तीन सातांचा एक उपेक्षित लाभ दिसतो. ज्या घराला दारच नाही तिथे कोणी दार फोडत नाही. फोडले नाही तर लक्षात येत नाही. लक्षात आले नाही तर सहा तासांचे घड्याळ सुरूच होत नाही. त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस जपून ठेवायला सांगितले आहेत. ७७७ खालचे लॉग निश्चितच जपले जातात, आणि त्यांत सुधारणा सुचवण्याची संधी सर्वांना समान मिळते.

इथे कोणीतरी शनि शिंगणापूरचे नाव घेणारच, तर मीच घेतो. नेवासे तालुक्यातल्या या गावात घरांना दारे नसण्याची परंपरा आहे, आणि २०११ साली एका राष्ट्रीयीकृत बँकेने तिथे बिनकुलपाची म्हणून शाखा उघडली तेव्हा तिची देशभर बातमी झाली. दादाचे सर्व्हर मी नेहमी याच गावाशी ताडून पाहतो. दारे नाहीत, कुलपे नाहीत, मनात किल्मिष नाही. फरक असलाच तर एवढाच की तिथे चौथऱ्यावर शनिदेव आहेत. सर्व्हर रूममध्ये एसी आहे, आणि तोही शनिवार-रविवार बंद असतो.

दादा आता मोठ्या कंपनीत, मोठ्या हुद्द्यावर आहे. परवानग्यांची कामे तो स्वतः करत नाही. नव्या मुलांना शिकवतो. त्याने लिहून ठेवलेल्या सूचनांच्या कागदावर पहिल्या पायरीपुढे ‘तात्पुरते’ असा शब्द कंसात आहे. पतसंस्थेच्या यंत्रावरही त्या रात्रीच्या आज्ञांपुढे तोच शब्द लिहिला होता. माझ्या माहितीप्रमाणे दोन ऑडिट होऊन गेली तरी तो तिथेच आहे. ऑडिटरांनी पाहिले की सर्व्हर रूमच्या दाराला कुलूप आहे, कुलपाची किल्ली मॅनेजरसाहेबांच्या ड्रॉवरमध्ये आहे आणि ड्रॉवरच्या किल्लीची नोंद रजिस्टरात आहे. शेरा ‘समाधानकारक’ असा पडला.

बिलाचा शेवटचा चेक घ्यायला मी त्या पतसंस्थेत गेलो होतो. काउंटरवरच्या ताईंनी व्हाउचर पुढे सरकवले. “इथे सही करा, सर.” पेन शोधले तर ते काउंटरच्या खिळ्याला सुतळीने बांधलेले, आणि सुतळी इतकी आखूड की सही करायला मला जाळीपर्यंत वाकावे लागले.

“ताई, जरा सैल बांधा की हे,” मी म्हणालो.

“नाही हो सर,” त्या म्हणाल्या, “इथे काय, कोणीही येतं. उचलून नेतात.”